न गेलेल्या माणसाचं सुतक

मुलांनो,

काही वर्षांपूर्वी तुमच्यातल्या धाकटीने व्हिडिओ कॉलवर मला विचारलं होतं, "आजी, तुझ्या मागे कोण उभं आहे?" मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात तुमचा मामा उभा होता. अंगात ऑफिसचा शर्ट, हात पाठीमागे बांधलेले, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "अगं, मामा आहे." ती म्हणाली, "मग तो जवळ का येत नाही?" मी तिला शाळेचं काहीतरी विचारलं आणि विषय बदलला. फोन ठेवून पुन्हा मागे पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

ते उत्तर द्यायचं राहून गेलं. आता देते, कारण तुम्ही तिघंही मोठे झाला आहात. शिवाय तुमच्या आईने परवा फोनवर दबक्या आवाजात सांगितलं की थोरला कसलीशी रक्ततपासणी करून आलाय, रिपोर्ट चांगला आहे, तरी त्याला झोप येत नाही. कसली तपासणी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मामाला मात्र फोन करून विचारलं, तुझं तेव्हाचं मुलांना लिहू का? तो म्हणाला, "लिही. नाव घालू नकोस, बाकी सगळं घाल."

हा मामा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गावाला, सिंधुदुर्गात. याला अंधेरीला नोकरी लागली तेव्हा तो माझ्याकडे मुलुंडला राहायला आला. तुमचे आजोबा गेल्यानंतर घरात मी एकटीच होते, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. त्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती. बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत निघून गेली होती. मी म्हटलं, गणपती याच घरात होऊ दे, मग निघते. बिल्डरने डिसेंबरपर्यंत मुदत दिली. आमच्यासारखी हट्टी अशी दोन-चार घरंच मागे राहिली होती.

रिकाम्या इमारतीत राहून पाहिल्याशिवाय ती कशी असते ते कळत नाही. माणसं गेली की आवाज जात नाहीत, उलट मोकळे सुटतात. वरच्या मजल्यावरचा पाइप खोकायचा. कुणाच्या तरी राहून गेलेल्या कॅलेंडरची पानं वाऱ्याने फडफडायची. जाताना लोकांनी दारांवरच्या पाट्या काढून नेल्या होत्या, त्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरले होते. जिना चढताना ते एकेक माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. मी आयुष्यभर ऑफिसात आस्थापना विभाग सांभाळलेली बाई. भुतंखेतं मी मानत नाही. पण त्या दिवसांत मी दाराची कडी लावली की नाही हे पुन्हा उठून पाहत असे.

माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते, हे तुमची आई तुम्हाला चेष्टेने सांगत असेलच. त्यामुळे जागची वस्तू हलली की मला लगेच कळतं. आधी मामाचं ताट मांडणीतून गेलं. मग वाटी, पेला. दोरीवरचा त्याचा टॉवेल दिसेनासा झाला. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायचं काम त्याचं होतं, ऑफिसातून आला की हातपाय धुऊन आधी तेच करायचा. ते त्याने सोडलं. "तू लाव ना मावशी, मला उशीर होतो." उशीर होत नव्हता. तो येऊन खुर्चीत बसायचा नाही, जमिनीवर बसायचा. दाढी करेना, नखं कापेना. मी डोक्यावरून हात फिरवायला गेले तर मान अशी बाजूला घेतली की माझा हात हवेतच राहिला.

आता मला सांगा, देवाला हात न लावणारा, जमिनीवर बसणारा, दाढी-नखं न काढणारा, कुणाला शिवू न देणारा माणूस पाहिला की आमच्या पिढीच्या बाईच्या मनात काय येईल? मला वाटलं, तो सुतकात आहे. घरात माणूस गेलं की उरलेल्यांनी जसं राहायचं असतं, अगदी तसं तो राहत होता. गणपती तोंडावर आले होते. आमच्या कोकणात गणपतीच्या सुमारास वाईट बातमी आली तर ती दाबून ठेवतात, निदान समोरच्याचा तरी सण होऊ दे म्हणून. बहिणीचे यजमान बरेच दिवस आजारी होते. मी मनात गणित मांडलं आणि ते अचूक जुळलं.

तो ऑफिसला गेल्यावर मी गावाला फोन लावला.

"कोण गेला गो?" मी सरळच विचारलं. "माझ्यापासून लपवू नको."

"कोण जातलो?" बहीण म्हणाली. "हे हयसर बसान पेज जेवतत. देऊ काय फोन तेंका?"

मागून भावोजींच्या खोकल्याचा आवाज आला. मला हायसं वाटायला हवं होतं.

"असा कित्याक इचारतंस?" लेकाच्या काळजीने तिचा आवाज बदलला. "माझो झील बरो आसा मां?"

"बरो आसा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कोणी गेलं नव्हतं. तरी माझ्या घरात सुतक पाळलं जात होतं. कुणाचं?

त्याच आठवड्यात समोरच्या घरातलं पाणी ऐकू आलं. आमच्या समोरचं बिऱ्हाड केव्हाच ठाण्याला गेलं होतं. वीज तोडलेली, सामान हललेलं. त्यांच्या दोन्ही किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे असायच्या. सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि त्या बंद घरात नळ सोडल्याचा, बादली भरत आल्याचा आवाज येत होता. मग पाणी अंगावर ओतल्याचा. एक तांब्या, थोडं थांबून दुसरा. मी लाटणं हातात घेऊन दाराशी आले. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. खुंटीवर पाहिलं तर किल्लीही नव्हती. मामाला हाक मारली. घरातून उत्तर आलं नाही.

तेव्हा दार वाजवायचं धाडस झालं नाही. दुपारी, तो कामाला गेल्यावर, दुसरी किल्ली शोधून मी ते घर उघडलं. खिडक्या बंद होत्या, आत मळकट उजेड होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक चटई होती. तिच्या उशाशी मांडणीतून गेलेलं ताट पालथं घातलेलं, त्यावर वाटी, बाजूला पेला. सगळं घासून लखलखीत. खिडकीच्या गजाला टॉवेल. मोरीत बादली आणि जंतुनाशकाची बाटली, तिचा तो उग्र वास. एका माणसाचा संसार, आणि तो इतका नीटनेटका मांडलेला की मला पितृपक्षात गेलेल्यांसाठी वाढून ठेवलेलं पान आठवलं. मी तिथेच त्या चटईवर बसले. बराच वेळ गेला असावा, कारण दार ढकलून तो आत आला तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता.

"मावशी! तू इथे काय करतेस?"

"माझ्याकडे किल्ली असते, मी येणारच. तू काय करतोस?"

"आंघोळ करतो इथे."

"घरातली मोरी कुणी पळवली?"

तो हसला नाही. "ऊठ ना तिथून. प्लीज. त्या चटईवर मी झोपतो."

"मग? मी पण झोपते चटईवर."

"मावशी, ऊठ यार!" तो ओरडला, आणि रिकाम्या खोल्यांनी ते 'ऊठ' दोनदा परत पाठवलं. मग तो दारातच खाली बसला आणि बोलू लागला. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तो एका माणसाला भेटला होता. ओळख फोनवरच्या ॲपमधून झालेली. एकच संध्याकाळ. कंडोम वापरला होता, पण तो फाटला आणि ते उशिरा लक्षात आलं. पुन्हा भेट झाली नाही, फोनही लागेना. पुरुष की बाई, कुठे, का, हे मी विचारलं नाही. मला ते जाणून घ्यायचं नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी ते प्रश्न माझे नव्हते.

"पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू करता येतात," तो म्हणाला. "जितक्या लवकर तितकं बरं. म्हणजे एचआयव्हीचा विषाणू शिरला असेल तरी तो टिकू नये म्हणून. मला ते कळलं तेव्हा मुदत निघून गेली होती. मग घसा दुखला. ताप आला. पाठीवर पुरळ. जिभेवर पांढरं. सगळं नेटवर लिहिलंय तसंच, अगदी तसंच."

"तपासलंस?"

"घाटकोपरला एका लॅबमध्ये. नाही म्हणाले. पण ती फार लवकर केली होती, तिला अर्थ नाही."

"आणि हे ताट? ताटाने होतो का तो?"

"नाही."

"टॉवेलने? शिवल्याने?"

"नाही गं. मला काय कळत नाही? डासाने नाही, ताटाने नाही, मिठी मारून नाही. सगळं पाठ आहे मला." त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. "पण माहिती असून काय? मला वाटतं मी आधीच गेलोय, मावशी. फक्त कुणाला कळवलेलं नाही अजून."

मी अंधारात बसून ते ऐकलं. मुलांनो, मी माझ्या आयुष्यात बरीच मरणं पाहिली आहेत, पण इतकी थंड बातमी मला कुणी दिली नव्हती, आणि देणारा तर माझ्यासमोर श्वास घेत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात गेलो. तिथे ही तपासणी मोफत होते आणि माहिती बाहेर जात नाही. समुपदेशक बाई तुमच्या आईपेक्षा लहान असेल. तिने मला बाहेर बसायला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी आत राहू दे." तिने त्याला दोनदा विचारून खात्री केली, मग मला खुर्ची दिली.

"एकदाच? आणि कंडोम फाटला?" तिने तोंड वाकडं केलं नाही की सहानुभूतीही दाखवली नाही, रिक्षावाल्याला पत्ता विचारावा तसं विचारलं. "धोका आहे, पण खूप नाही. शून्य म्हणणार नाही मी. म्हणूनच तपासायचं. सहा आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे आजच्या रिपोर्टला चांगलाच अर्थ आहे. त्या भेटीला तीन महिने झाले की पुन्हा करू, ती शेवटची धरायची. गोळ्यांची वेळ गेली ते गेलं. पुढे कधी असं झालं तर त्याच दिवशी यायचं, लाजत बसायचं नाही."

"मला लक्षणं आहेत," तो म्हणाला.

"लक्षणांवरून हे कळत नाही. ताप, घसा, पुरळ शंभर कारणांनी येतं. वजन किती उतरलं?"

"खूप."

"जेवता काय?"

त्याच्या आधी मीच म्हटलं, "चिमणीएवढं."

"मग उतरणारच की हो," ती म्हणाली. मी समोरच्या घरातल्या ताटाचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, येऊ शकतो, तरीसुद्धा ताट वेगळं करायचं काही कारण नाही. रोज एक गोळी घेऊन लोक नोकरी करतात, लग्न करतात, म्हातारे होतात. औषधाने विषाणू पुरता दबलेला राहिला तर जोडीदारालाही जात नाही. कुणाला वेगळं बसवायचं नसतं या आजारात. स्वतःला पण नाही."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. येताना मी रिक्षात त्याचा हात धरला, त्याने तो काढून घेतला नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरात पुन्हा पाणी पडू लागलं.

खरं भय मला तिथून पुढे वाटलं. आजाराचं भय असतं तर ते कागदाने गेलं असतं. हे वेगळंच काही होतं, कागद वाचून मान डोलावणारं आणि तरीही न हलणारं. तो म्हणायचा, नमुना बदलला असेल. सुई नीट लागली नसेल. माझ्या रक्तात उशिरा दिसत असेल. खाता खाता थांबून मानेच्या गाठी चाचपायचा. फोनचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायचा, तेव्हा आरशातला तो खालून उजेड पडलेला चेहरा मला त्याचा वाटायचा नाही. "मावशी, मला झालं असेल का?" "नाही रे." "नक्की?" "नक्की." पाच मिनिटं जात, आणि पुन्हा तोच प्रश्न, त्याच सुरात. जणू आधी विचारलेलंच नव्हतं.

गणपती आले. दरवर्षी मूर्ती तोच आणायचा. या वेळी शेवटी मागे राहिलेल्या शेजारणीने आणि मी आणली. आरतीला आम्ही मोजकीच माणसं होतो. तो आला नाही. मी डोळे मिटून आरती म्हणत होते आणि मध्येच शेजारणीने माझं कोपर धरलं. आमच्या टाळ्या थोड्या थांबल्या तेव्हा ऐकू आलं, समोरच्या रिकाम्या घरातून टाळ्या येत होत्या. आमच्याच तालात, एका माणसाच्या. दार फटीएवढं उघडं, आत काळोख.

"समोर कोणी आहे का हो?" ती कुजबुजली.

"आहे," मी म्हटलं. "आमचाच आहे." आणि आरती पुढे चालू केली.

तीन महिन्यांची तपासणीही निगेटिव्ह आली. समुपदेशक बाईने कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "अजून एकदा करूया का?" तिने पेन खाली ठेवलं.

"नाही. मी आता तपासणार नाही. तुम्हाला एचआयव्ही नाही. पण तुम्ही बरे आहात असंही मी म्हणणार नाही. ही भीती हाच तुमचा आजार आहे, आणि त्याचाही डॉक्टर असतो." तिने मानसोपचार विभागाचा मजला सांगितला.

मला वाटलं तो चिडेल. तो रडला, पहिल्यांदाच. म्हणाला, "म्हणजे काहीतरी आहे ना मला? मी उगाच नाही ना करत?"

"काहीतरी आहेच," ती म्हणाली. "जा, आजच जा."

मनाच्या डॉक्टरांनी त्याला औषध दिलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. मलाही एक काम दिलं, आणि ते मला सर्वांत जड गेलं. तो विचारेल 'मला झालं असेल का' तेव्हा उत्तर द्यायचं नाही. 'नाही' म्हणायचं नाही, रिपोर्ट दाखवायचा नाही, कारण प्रत्येक 'नाही' त्या भीतीचा घास होतो आणि ती पुन्हा भुकेली होते. मी गप्प बसायला शिकले. तो विचारायचा, मी भाजी चिरत राहायचे. तो पुन्हा विचारायचा, मी विचारायचे, "मीठ बघ रे, पुरेल का?" कधी दार आपटून समोर निघून जायचा. कधी चव घ्यायचा.

समोरचं घर हळूहळू सोडायचं असं डॉक्टरांशी ठरलं होतं. आधी ताट आलं. टॉवेल आला. एक दिवस दाढी घरात करून आला, हनुवटीवर कापसाचा बोळा आणि चेहरा पांढराफटक. आंघोळ काही घरात होईना. "उद्यापासून," म्हणायचा. ते उद्या येण्याआधीच बिल्डरचा प्लंबर आला आणि रिकाम्या घरांचं पाणी बंद करून गेला. थोड्याच वेळात आमचं दार धडाधडा वाजलं. बाहेर मामा, कमरेला टॉवेल, डोक्यापासून पायापर्यंत साबण, डोळे मिटलेले.

"मावशी, पाणी गेलं!"

"कुठलं?"

"समोरचं गं! डोळे चुरचुरतायत, सर ना बाजूला!"

"तू आत येणार? आमच्या मोरीत?"

"मावशी, मस्करी नको, वाट लागलीय माझी!"

मी बाजूला झाले. ओल्या पावलांनी तो घरभर साबण सांडत मोरीत गेला. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. पाणी माझ्याच घरात पडत होतं. बाहेर येऊन तो कोरडा होईपर्यंत पंख्याखाली खुर्चीत बसला, हात मांडीवर ठेवून, आता काहीतरी घडेल अशी वाट बघत. काही घडलं नाही. मग त्याने चहा मागितला.

त्यानंतरही बरं व्हायला वर्ष गेलं, आणि मध्ये दोनदा तो मला न सांगता बोरिवलीच्या एका लॅबमध्ये तपासून आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, थोरल्या. तुझं जे काही असेल ते असो. योग्य वेळी केलेल्या तपासणीवर विश्वास ठेव, आणि तो ठेवता येत नसेल तर पुन्हा रक्त देऊ नकोस, मनाच्या डॉक्टरकडे जा. आईला सांगायचं नसेल तर मला सांग. मी विचारण्यासारखं तेवढंच विचारते, हे तुला आता कळलं असेल.

ती इमारत पडली. तिच्या जागी उंच काही उभं राहतंय. मामाने त्या संध्याकाळपासूनचं सगळं सांगून लग्न केलं, दोघं दिंडोशीला राहतात, तो धडधाकट आहे. ताप आला की त्याचा मला अजून फोन येतो. 'मावशी' म्हणतो आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मी थांबते. त्याला जे विचारायचं असतं ते तो विचारत नाही, आणि मीही उत्तर देत नाही. मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो. ती भीती अजून आहे, पूर्वीपेक्षा लहान. तोही आहे.